डीपीटीच्या ऑफर हातात असताना: फिजिकल थेरपीचं कॉलेज निवडण्याआधी फीचा हिशेब कसा मांडायचा

२०२२ च्या जानेवारीतला एक रविवार. कोलंबसला बाहेर बर्फ पडत होता आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर तीन कॉलेजांची पत्रं छापून ठेवली होती. लेकीला फिजिकल थेरपिस्ट व्हायचं होतं, तिघांनी बोलावलं होतं. एक आमच्या ओहायो राज्यातलं सरकारी विद्यापीठ, दोन खाजगी. खाजगीपैकी एकाची वर्षाची फी ३१ हजार डॉलर, दुसऱ्याची ३८ हजार. लेक म्हणाली, "आई, मग ३१ वालं बरं ना?" मीही मान डोलावली.

दोन आठवड्यांनी त्या ३१ हजारवाल्या कॉलेजच्या ऑनलाइन बैठकीत कुणीतरी उन्हाळ्याच्या टर्मबद्दल विचारलं, तेव्हा कळलं की ती फी वेगळी. धरली की आकडा ४१ हजारांच्या पुढे. वेबसाइटवर खोटं काही लिहिलेलं नव्हतं, फक्त 'शैक्षणिक वर्ष' म्हणजे दोन टर्म एवढंच धरलेलं होतं. त्या दिवशी मी एक्सेल उघडलं आणि पुढचे दोन महिने ते बंद केलं नाही. लेक २०२५ मध्ये पास झाली, आता काम करते. त्यानंतर आमच्या मराठी मंडळातल्या चार-पाच घरांनी तो तक्ता मागून नेला. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

१. आधी हे पक्कं करा: लायसन्स सगळीकडचं सारखंच

भारतात आपण फिजिओथेरपी म्हणतो, त्याला अमेरिकेत फिजिकल थेरपी म्हणतात. इथे आधी चार वर्षांची साधी पदवी आणि मग साधारण तीन वर्षांची डीपीटी, म्हणजे डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी. ओमाहाच्या क्रेटन विद्यापीठाने १९९३ मध्ये पहिली थेट डीपीटी सुरू केली. पुढे सगळीच कॉलेजं त्या वाटेने गेली आणि आता नव्याने शिकणाऱ्याला दुसरी पदवीच नाही.

कॉलेज कुठलंही असो, शेवटी लायसन्सची परीक्षा देशभर एकच: एनपीटीई. दोनशे ते आठशेच्या मोजपट्टीवर सहाशे मिळाले की पास. लायसन्सवर कॉलेजचं नाव नसतं आणि पहिल्या नोकरीचा पगार ठरतो तो गाव, राज्य आणि कामाच्या जागेवरून. घरोघरी जाऊन उपचार करणाऱ्यांना सहसा जास्त मिळतात, बाह्यरुग्ण क्लिनिकमध्ये कमी. अमेरिकी कामगार खात्याच्या आकड्यांनुसार मे २०२४ मध्ये फिजिकल थेरपिस्टचा मधला वार्षिक पगार १,०१,०२० डॉलर होता. मधला म्हणजे निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त. नुकतंच पास झालेलं मूल त्या खालच्या निम्म्यात असतं हे लक्षात ठेवा. मी हिशेबात ८० हजार धरले होते.

माझं मत स्पष्ट सांगते. वकिली किंवा एमबीएला नामांकित कॉलेजसाठी जास्त पैसे मोजण्यात काही अर्थ असेल. फिजिकल थेरपीत तो फार थोडा आहे. मासिकांत जी क्रमवारी छापून येते, ती इतर कॉलेजांच्या प्राध्यापकांना पाठवलेल्या प्रश्नावलीवरून काढतात. तिच्यात फी नसते आणि पगारही नसतो.

पण स्वस्त म्हणून काहीही चालेल असंही नाही. दोन गोष्टी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पहिली, 'कॅप्टी'ची मान्यता. फिजिकल थेरपीच्या कोर्सना मान्यता देणारी संस्था ती. नवी कॉलेजं 'उमेदवार' दर्जावर मुलं घेतात. पुढे मान्यता मिळाली नाही तर त्या मुलांचं परीक्षेला बसणंच अडतं. मग तीन वर्षांची फी आणि कर्ज अंगावर, हातात लायसन्स नाही. फी कितीही कमी असली तरी ही जोखीम घेऊ नका असं मी सांगेन.

दुसरी, निकाल. प्रत्येक कॉलेजला आपल्या वेबसाइटवर किती मुलं कोर्स पूर्ण करतात आणि किती एनपीटीई पास होतात हे द्यावंच लागतं. 'अंतिम', म्हणजे पुन्हा बसून पास झालेले धरून, आणि 'पहिल्या प्रयत्नात' असे दोन आकडे असतात. कॉलेज ठळक अक्षरात 'अंतिम' लावतं, तुम्ही पहिल्या प्रयत्नाचा शोधा. पहिल्यांदा नापास झालं तर पुढच्या परीक्षेपर्यंत तीन महिने थांबायचं, तोवर पगार नाही आणि कर्जाचं व्याज चालूच.

*भारतातून बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, करून आलेल्यांसाठी:* पुणे, नाशिक, मुंबईहून बीपीटी करून लग्नानंतर इथे आलेल्या कितीतरी मुली भेटतात. त्यांना वाटतं, आता पुन्हा तीन वर्षांची डीपीटी करावी लागणार. बहुतेक वेळा ती लागत नाही. एफसीसीपीटीसारख्या संस्थेकडून आपल्या शिक्षणाचं मूल्यांकन करून घ्यायचं, कमी पडणारे विषय भरून काढायचे, इंग्रजीची परीक्षा द्यायची आणि एनपीटीईला बसायचं. नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, म्हणून ज्या राज्यात काम करायचं तिथल्या बोर्डाचं पान आधी वाचा. 'ट्रान्झिशनल डीपीटी' नावाचे कोर्स दिसतील. ते आधीच थेरपिस्ट असलेल्यांसाठी आहेत, कॅप्टी त्यांना मान्यता देत नाही आणि केवळ ते केल्याने लायसन्स मिळत नाही. त्यात पैसे घालण्याआधी मूल्यांकनाचा अहवाल हातात घ्या.

२. हे कागद गोळा करा

एका फोल्डरमध्ये, प्रत्येक कॉलेजचं वेगळं:

- ऑफरचं पत्र आणि सीट डिपॉझिटची (जागा राखायला भरायच्या रकमेची) तारीख
- कॉलेजचं 'फायनान्शियल फॅक्ट शीट'. कॅप्टीच्या नियमामुळे हे प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर असतंच. ट्यूशन, इतर फी, कधीकधी मुलांवरचं सरासरी कर्ज, सगळं एका पानावर मिळतं. हे पान आहे हेच बहुतेकांना माहीत नसतं
- पूर्ण कोर्सचं टर्मवार वेळापत्रक, उन्हाळ्यासकट
- मागच्या तीन वर्षांचे फीचे दर, म्हणजे दरवर्षी किती वाढतात ते कळतं
- क्लिनिकलचे, म्हणजे पेशंटसोबत प्रत्यक्ष कामाचे, आठवडे कोणत्या टर्ममध्ये आणि कुठे
- फॅफ्साचा, म्हणजे सरकारी शिक्षण-मदतीचा, फॉर्म भरल्याची पावती
- इन-स्टेट (राज्यातले रहिवासी) दर्जासाठी: ड्रायव्हिंग लायसन्स, घराचा करार, राज्याचा टॅक्स भरल्याचे कागद
- व्हिसावर असाल तर पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत आल्याची नोंद), ग्रीन कार्डच्या अर्जाची पावती

३. 'वर्षाची फी' बाजूला ठेवा, शेवटच्या दिवसाचा आकडा काढा

तक्त्यात एकच प्रश्न विचारायचा: लायसन्स हातात येईल त्या दिवशी आमच्या खिशातून आणि कर्जातून मिळून एकूण किती गेलेले असतील?

त्यासाठी टर्म मोजा. तीन वर्षांची डीपीटी म्हणजे सहा टर्म नाहीत, बहुतेक ठिकाणी आठ ते नऊ आहेत, कारण उन्हाळ्यातही वर्ग चालतात. प्रत्येक टर्मची फी वेगळी लिहा. काही ठिकाणी टर्मचा सरसकट दर असतो, काही ठिकाणी क्रेडिटवर. क्रेडिटवाल्यात एखादी टर्म वीस क्रेडिटची निघते आणि बिल फुगतं.

मग ट्यूशनच्या खालच्या ओळी बघा. लॅबची फी, तंत्रज्ञानाची फी, 'प्रोफेशनल प्रोग्राम फी', आरोग्य विमा. विमा आई-वडिलांच्या पॉलिसीवर २६ वर्षांपर्यंत चालतो, पण कॉलेजला तसं कळवून त्यांचा विमा नाकारावा लागतो. तारीख चुकली की दोन-अडीच हजार डॉलर बिलात येऊन बसतात. पहिल्या टर्मला आमची ती तारीख थोडक्यात हुकणार होती.

शेवटच्या टर्मनंतरचे पैसे सगळेच विसरतात: परीक्षेची फी, सराव परीक्षा, राज्याच्या लायसन्सची फी, आणि निकाल लागून नोकरी सुरू होईपर्यंतचं दोन-तीन महिन्यांचं भाडं. एनपीटीई वर्षातून ठरलेल्या चारच वेळा असते. मे महिन्यात कोर्स संपला तरी जुलैतली परीक्षा, मग निकाल, मग लायसन्स. पहिला पगार हातात यायला सप्टेंबर उजाडतो.

४. क्लिनिकलचा खर्च कुठल्याच पत्रकात नसतो

कॅप्टीच्या नियमाप्रमाणे डीपीटीत किमान ३० आठवडे पूर्णवेळ क्लिनिकल असतं. हॉस्पिटलात, नर्सिंग होममध्ये, क्लिनिकमध्ये अनुभवी थेरपिस्टच्या हाताखाली काम करायचं. या आठवड्यांचा पगार मिळत नाही, उलट त्या टर्मची पूर्ण ट्यूशन आपण भरतो.

आणि पाठवतात कुठेही. शेवटच्या वर्षी लेकीला दहा आठवड्यांसाठी राज्याच्या दुसऱ्या टोकाला, नदीकाठच्या एका लहान गावातल्या हॉस्पिटलात पाठवलं. तिच्या कॉलेजच्या गावातली खोली भाड्याने होतीच आणि तिचा करार मोडता येत नव्हता. म्हणजे दोन भाडी. निवृत्त नर्सबाईंच्या गॅरेजवरची एक खोली मिळाली, आठवड्याला २२५ डॉलर. मी तिच्यासोबत गेले, छोटा कुकर, मूगडाळ, तांदूळ, गोडा मसाला लावून दिला. संध्याकाळी तिने पट्टा काढला आणि माझ्या कमरेला बांधला. पेशंटला खुर्चीतून उठवताना धरायला असतो तो. म्हणाली, "आई, नाक पायाच्या बोटांवर आण, मग उठ." मी पुढे वाकले आणि माझे नेहमी कुरकुरणारे गुडघे असूनही अलगद उभी राहिले. तिला सकाळी सातला पहिला पेशंट होता, तेच ती पुन्हा पुन्हा करून बघत होती.

त्या दहा आठवड्यांचा जास्तीचा खर्च: खोली २,२५० डॉलर, पेट्रोल ४०० च्या आसपास, आणि मध्येच गाडीचे दोन टायर. तीन हजारांच्या पुढे गेलं. असे तीन-चार क्लिनिकल असतात. म्हणून कॉलेजला सरळ विचारा:

- किती मुलांना राहत्या घरापासून तासाभराच्या आत जागा मिळते?
- राज्याबाहेर जाणं सक्तीचं आहे का?
- जागा कोण शोधतं, कॉलेज की विद्यार्थी?
- राहण्याच्या खर्चाला काही मदत मिळते का?

गाडी नसेल तर तीही खर्चात धरा. गाडीशिवाय क्लिनिकल पार पाडणं मोजक्या मोठ्या शहरांतच शक्य आहे.

५. तीन पर्याय शेजारी मांडा

आमचे खरे आकडे देत नाही, पण घाट तोच ठेवून सोपे आकडे घेते.

*पर्याय अ:* राज्यातलं सरकारी विद्यापीठ, ३३ महिने. ट्यूशन आणि फी मिळून ६६,००० डॉलर. घरापासून लांब, राहण्या-जेवणाचे महिना १,६००, म्हणजे ५२,८००. एकूण १,१८,८००.

*पर्याय ब:* खाजगी, घराजवळ, ३३ महिने. ट्यूशन आणि फी १,२०,०००. घरीच राहून महिना ६००, म्हणजे १९,८००. एकूण १,३९,८००.

*पर्याय क:* खाजगी, २४ महिन्यांचा जलद कोर्स, बराचसा अभ्यास ऑनलाइन आणि अधूनमधून आठवडाभर प्रत्यक्ष लॅबला जायचं. ट्यूशन ९८,०००. राहण्याचे १,६०० प्रमाणे ३८,४००. लॅबच्या आठ फेऱ्या, विमान आणि हॉटेल धरून प्रत्येकी १,२००, म्हणजे ९,६००. एकूण १,४६,०००.

नुसत्या ट्यूशनवर बघितलं तर अ आणि ब मध्ये ५४ हजारांचा फरक दिसतो. एकूण बघितलं तर २१ हजारांचा उरतो. घरी राहण्याची किंमत एवढी मोठी आहे.

क सगळ्यात महाग दिसतो, पण तिथलं मूल नऊ महिने आधी कामाला लागतं. ८० हजार पगारातून कर आणि कपात जाऊन ओहायोत हातात महिना ५,००० च्या आसपास येतात. राहण्याचे १,६०० वजा केले तर ३,४०० उरतात, नऊ महिन्यांचे ३०,६००. १,४६,००० मधून ते काढले की १,१५,४००, म्हणजे अ च्या जवळपासच. मी पहिल्या दिवशी जलद कोर्स पूर्ण बाद केला होता, तो उताविळपणा होता. पण दुसरी बाजूही आहे. दोन वर्षांत तोच अभ्यास, सुट्टी जवळजवळ नाही, आणि एक विषय राहिला तर मागच्या बॅचमध्ये जावं लागतं. मग नऊ महिन्यांचा सगळा फायदा तिथेच संपतो. तुमच्या मुलाचा अभ्यासाचा वेग तुम्हाला आणि त्याला माहीत आहे, एक्सेलला नाही.

६. कर्ज: इथे नियम बदललेत, जुना सल्ला चालणार नाही

माझ्या लेकीच्या वेळी सरकारी कर्ज हवं तेवढं मिळत होतं. वर्षाला २०,५०० डॉलर थेट कर्ज, आणि उरलेल्यासाठी 'ग्रॅड प्लस', कॉलेजच्या पूर्ण खर्चापर्यंत. पण ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांसाठी ग्रॅड प्लस बंद होतं. पदव्युत्तर विद्यार्थ्याला वर्षाला २०,५०० आणि एकूण १ लाख डॉलरची मर्यादा. 'प्रोफेशनल' गटात मोडणाऱ्या पदव्यांना वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख. नोव्हेंबर २०२५ मध्ये शिक्षण खात्याच्या नियम-समितीत ज्या व्याख्येवर एकमत झालं, तिच्यात वैद्यक, दंतवैद्यक, फार्मसी, कायदा, अगदी कायरोप्रॅक्टिकही (मणक्याचे उपचार) आहे. फिजिकल थेरपी नाही.

याचा अर्थ नीट समजून घ्या. 'एकूण १ लाख' वाचून दिलासा वाटतो, पण तीन वर्षांत २०,५०० प्रमाणे मिळणार ६१,५००. वरच्या पर्याय अ मध्येही ५७,३०० डॉलर दुसरीकडून उभे करावे लागतील. दोन वर्षांच्या कोर्सला साधारण ४१ हजारच मिळतील आणि लाखाच्या वर खड्डा उरेल. म्हणून आता एकूण खर्चाच्या खाली तक्त्यात आणखी एक ओळ घाला: 'सरकारी कर्जानंतर उरलेले'. निवड पुष्कळदा याच ओळीवर होणार आहे. आणि कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला ईमेलवर विचारा, "आमच्या कोर्सला कोणती वार्षिक मर्यादा लागू आहे?" उत्तर लेखी घ्या. जी मुलं १ जुलै २०२६ च्या आधीच कोर्सला आहेत आणि ज्यांनी कर्ज उचललेलं आहे, त्यांना काही काळ जुने नियम चालू राहतात, त्यांनीही हे विचारून घ्यावं.

व्याज पहिल्या दिवसापासून चढतं, शिकत असतानाही. थेट कर्जाचा दर २०२२-२३ ला ६.५४ टक्के होता, २०२४-२५ ला ८.०८ आणि २०२५-२६ ला ७.९४. पहिल्या वर्षी उचललेल्या २०,५०० वर हप्ते सुरू होईपर्यंत जवळपास ५,००० डॉलर व्याज चढलेलं असतं.

हप्ता किती? ८ टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं तर दर १ लाखामागे महिना १,२१३ डॉलर. हातात येणारे ५,००० समोर ठेवा. १ लाखाचा हप्ता चौथा हिस्सा नेतो. दीड लाख असेल तर १,८२०, तिसऱ्या हिश्शाच्याही पुढे. नव्या नियमांत जास्त रकमेला जास्त मुदत मिळते, ६१,५०० साठी वीस वर्षं. हप्ता ५१४ वर येतो आणि ऐकायला बरं वाटतं, पण वीस वर्षांत १,२३,००० च्या वर भरले जातात. घेतलेल्याच्या दुप्पट.

आम्ही घरात मर्यादा घातली होती: एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या पगाराच्या वर जाऊ द्यायचं नाही. त्या एका रेघेनेच दोनपैकी एक खाजगी कॉलेज बाद झालं. लेकीचं मन तिथेच होतं, त्यांची लॅब तिने पाहिली होती आणि ती भारावून आली होती. दोन दिवस घरात फार कमी बोलणं झालं. हे सगळ्यांच्या घरी होणार, त्यासाठी वेळ ठेवा. शेवटच्या आठवड्यात घाईने ठरवायला बसू नका.

या टप्प्यावर दोन चुका वारंवार दिसतात.

एक, "आमचं उत्पन्न जास्त, फॅफ्सा भरून काय उपयोग?" असं म्हणून आपली माणसं फॉर्मच भरत नाहीत. पदव्युत्तर विद्यार्थी फॅफ्सात स्वतंत्र धरला जातो, आई-वडिलांचं उत्पन्न त्यात लागतच नाही. फॉर्म भरल्याशिवाय सरकारी कर्ज मिळत नाही.

दुसरी चूक जास्त गंभीर. सरकारी कर्ज संपलं की खाजगी बँका पुढे येतात आणि आई-वडिलांची सही मागतात. पोटच्या पोरासाठी आपण लगेच सही करतो. पण सही म्हणजे मुलाने हप्ता चुकवला तर तो तुम्ही भरायचा, कदाचित निवृत्तीनंतरही. खाजगी कर्जाला सरकारी माफीच्या योजना लागू नाहीत. ना-नफा हॉस्पिटलात किंवा सरकारी शाळेत काम करत १२० हप्ते भरले की उरलेलं कर्ज माफ होण्याची जी योजना आहे, ती फक्त सरकारी कर्जाला. नवरा-बायको शांतपणे बसून, आपली निवृत्तीची शिल्लक समोर ठेवून ठरवा.

७. इन-स्टेट आणि व्हिसा

सरकारी विद्यापीठाचा स्वस्त दर राज्यातल्या रहिवाशांसाठीच. बहुतेक राज्यांत निदान १२ महिने राहिलेलं असावं लागतं, आणि शिकण्यासाठीच आलेला असाल तर तो काळ पुष्कळ ठिकाणी मोजत नाहीत. "पहिल्या वर्षी आउट-ऑफ-स्टेट भरू, मग बदलून घेऊ" या भरवशावर हिशेब करू नका. आधी रजिस्ट्रारच्या पानावरचा नियम शब्दशः वाचा.

ज्यांची मुलं एच-४ वर, म्हणजे आई-वडिलांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, आहेत त्यांनी इथे थांबून वाचावं. मूल २१ वर्षांचं झालं की एच-४ संपतो. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं असलेल्या आपल्या कितीतरी कुटुंबांत मूल पदवीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असताना हा वाढदिवस येतो. लहानपणापासून इथे शाळेत गेलेलं मूल एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, जातं आणि डीपीटीच्या वेळी परदेशी विद्यार्थी ठरू शकतं. इन-स्टेट दर जाण्याची शक्यता, सरकारी कर्ज नाही, आणि काही कॉलेजं परदेशी विद्यार्थी घेतच नाहीत. एका घरात हे डोळ्यांनी पाहिलंय. त्या मुलाचे गुण उत्तम होते आणि यादीतली निम्मी कॉलेजं एका झटक्यात गेली. मूल अठरा-एकोणीसचं असतानाच इमिग्रेशन वकिलाला आणि विद्यापीठाला, दोघांनाही विचारा.

भारतातून थेट एफ-१ वर डीपीटीला येण्याचा विचार असेल तर आणखी एक. डीपीटी स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत नाही. इंजिनिअरिंगच्या मुलांना पदवीनंतर तीन वर्षं काम करता येतं, इथे ओपीटीचे, म्हणजे शिकून झाल्यावर काम करायच्या परवानगीचे, बाराच महिने. त्यातच परीक्षा, लायसन्स आणि व्हिसा प्रायोजित करणारी नोकरी बसवायची. घर गहाण ठेवून कर्ज काढताना हे बारा महिने मनात ठेवा.

८. खर्च कमी करायच्या वाटा

डीपीटीत शिष्यवृत्त्या थोड्या आणि लहान असतात. तरी ऑफर आल्यावर विनम्र ईमेल करा: दुसऱ्या कॉलेजचा एकूण खर्च इतका आहे, तुमच्याकडे यायची इच्छा आहे, काही मदत शक्य आहे का? लेकीला एका ठिकाणाहून वर्षाला दोन हजार वाढवून मिळाले होते. विचारलं नसतं तर नसते मिळाले. पदवीच्या वर्गाला शिकवणं, लॅबमध्ये मदत अशा कामांवर फीत सूट मिळते, पण पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्राच्या भाराखाली ते झेपेलच असं नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत राहत असाल तर 'विची' या तिथल्या राज्यांच्या संस्थेची विद्यार्थी-देवाणघेवाण योजना बघा, काही राज्यं फिजिकल थेरपीसाठी मदत देतात. आणि अमेरिकन नागरिक असलेल्यांसाठी सॅन अँटोनियोचा आर्मी-बेलर कोर्स आहे: फी लष्कर भरतं, शिकताना अधिकाऱ्याचा पगार मिळतो, बदल्यात ठरावीक वर्षं सेवा. जागा फार थोड्या.

आजी-आजोबांनी किंवा तुम्ही शिक्षणासाठीच्या ५२९ बचत खात्यात पैसे ठेवले असतील तर ते डीपीटीलाही चालतात.

९. अर्ज आणि डिपॉझिटच्या वेळची सावधगिरी

बहुतेक कॉलेजांचे अर्ज पीटीकॅस या एकाच ऑनलाइन दालनातून जातात, दरवर्षी जूनच्या सुमारास सुरू होतात. तिथे काही कॉलेजं 'अर्ली डिसिजन' देतात. मोह होतो, लवकर निकाल कळतो. पण त्यात एकाच कॉलेजला अर्ज करायचा आणि बोलावलं तर तिथेच जायचं अशी बांधिलकी असते. मग तोलायला दुसरी ऑफरच हातात उरत नाही. ते कॉलेज तुमच्या यादीतलं सगळ्यात कमी खर्चाचं असेल तरच हा मार्ग घ्या.

सीट डिपॉझिट सहसा परत मिळत नाही. ऑफर आली की दोन-तीन आठवड्यांची मुदत असते. बाकीच्या ऑफर यायच्या असतील तर मुदत वाढवून मागा, काही ठिकाणी देतात. नाही दिली तर डिपॉझिट बुडवून नंतर कमी खर्चाचं कॉलेज घेणं परवडतं. हजार डॉलर गेले म्हणून तीस हजार जास्त भरायला जाऊ नका.

निर्णय झाला की त्याच दिवशी उरलेल्या कॉलेजांना नकार कळवा. प्रतीक्षा यादीतलं एखादं मूल त्या ईमेलची वाट बघत असतं. आणि ज्या कॉलेजला होकार दिला, त्याचं फीचं पान आणि फायनान्शियल फॅक्ट शीट त्या तारखेचं पीडीएफ करून ठेवा. लेकीच्या दुसऱ्या वर्षी बिलात एक नवी फी दिसली, तेव्हा आमच्याकडे जुनं पान होतं. आम्ही ते जोडून बिलिंग ऑफिसला लिहिलं आणि ती फी फक्त नव्या बॅचला लागू असल्याचं त्यांनी मान्य केलं. १८० डॉलर पुढच्या बिलात वजा होऊन आले.